जपानी शिका, पण दलालाच्या दारात नव्हे!

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस आधी घोड्याचे तोंड उघडून दात पाहतो, वय ठरवतो. मग चाल पाहतो, खूर पाहतो, आणि त्यानंतरच पैशाची गोष्ट काढतो. तापीकाठच्या या गावात दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. त्यामुळे एवढे शहाणपण इथल्या लहान पोरालाही असते. न पाहता घोडा घेणाऱ्याला गाव हसते.

दोन वर्षांपूर्वी याच यात्रेच्या दिवसांत एक तरुण आमच्याकडे आला. बारावी झालेला, एका दवाखान्यात वॉर्डबॉय म्हणून राबणारा. "वकीलसाहेब, जयभीम. एवढा कागद बघून द्या," म्हणाला. कागदावर लिहिले होते : जपानमध्ये वृद्धांच्या देखभालीची नोकरी, तीन महिन्यांत भाषा, एकूण खर्च अडीच लाख रुपये. आईने गळ्यातली पोत मोडायला काढली होती. उरलेली रक्कम बचत गटातून आणि व्याजाने उभी राहणार होती. आम्ही तीन प्रश्न विचारले. या माणसाचा सरकारी नोंदणी क्रमांक कुठे आहे? जपानी भाषेची कोणत्या पातळीची परीक्षा द्यायची आहे? तिथल्या मालकाचा करार कुठे आहे? तिन्ही प्रश्नांना त्याचे एकच उत्तर होते : "ते म्हणे, सर नंतर सांगतील."

घोड्याचे दात पाहणारा समाज कागदाचे दात का पाहत नाही? हा सवाल आम्ही त्या पोराला विचारत नाही. तो स्वतःला, समाजाला आणि शासनाला विचारतो आहोत.

एक गोष्ट आधी स्पष्ट केली पाहिजे. जपानचा दरवाजा खोटा नाही. त्या देशात पासष्टी ओलांडलेल्यांचे प्रमाण सुमारे २९ टक्के आहे. म्हाताऱ्यांना उचलून बसवायला, शेतात राबायला, कारखान्यात उभे राहायला तिथे हात कमी पडतात. म्हणून भारत आणि जपान या देशांत २०१७ साली तंत्र प्रशिक्षणार्थी पाठवण्याचा करार झाला. जानेवारी २०२१ मध्ये ‘निर्दिष्ट कुशल कामगार’ या व्हिसासाठी दुसरा करार झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही सरकारांनी जाहीर केले की पाच वर्षांत ५ लाख माणसांची देवाणघेवाण करायची, आणि त्यात भारतातून ५० हजार कुशल व होतकरू माणसे जपानला जातील.

आता या कुशल कामगाराच्या व्हिसाची अट पाहा. वय १८ पूर्ण हवे. त्या कामाची कौशल्य परीक्षा पास हवी. जपानी भाषेत जेएलपीटी परीक्षेची एन-४ ही पातळी किंवा जेएफटी-बेसिक ही परीक्षा पास हवी. वृद्धसेवेच्या कामासाठी त्या कामाच्या जपानीची आणखी एक परीक्षा असते. यात पदवी मागितलेली नाही, इंग्रजी मागितलेले नाही. म्हणजे या दरवाजाची किल्ली भाषा आहे. आणि भाषा विकत मिळत नाही, ती शिकावी लागते.

मग ही किल्ली घडते कुठे? महाराष्ट्रात ती घडते पुण्यात आणि मुंबईत. पुण्यात १९७० च्या दशकापासून जपानी शिकवले जाते. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. टिळक महाराष्ट्र विद्यापीठातही जपानीचे अभ्यासक्रम आहेत. याखेरीज संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी भरणारे खासगी वर्ग आहेतच. दिवसा कंपनीत नोकरी करायची, संध्याकाळी जपानी गिरवायचे आणि त्या बळावर जपानी कंपनीत वर चढायचे, असा रस्ता शहरी मध्यमवर्गाने गेली पन्नास वर्षे वापरला. त्यांनी शिकले याबद्दल आमची तक्रार नाही. मेहनतीने शिकणाऱ्याचा हेवा करणे बाबासाहेबांनी आम्हाला शिकवलेले नाही. तक्रार एवढीच आहे की जी गोष्ट पुण्यात सायकलवर जाऊन महिन्याच्या फीत मिळते, तीच सारंगखेड्यात आईची पोत मोडून मिळते, आणि तरीही ती खोटी निघण्याची भीती असते.

संध्याकाळचा वर्ग ही आम्हाला नवी गोष्ट नाही. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसा ज्याचा घाम सावकाराच्या नावावर जमा होतो, त्याच्या हातात स्वतःची म्हणून संध्याकाळच उरते, हे त्यांनी ओळखले होते. ती संध्याकाळ आज मोबाईलवर जाते, टपरीवर जाते, आणि निवडणुकीच्या दिवसांत कोणाच्या तरी ढाब्यावर जाते.

‘तीन महिन्यांत जपानी’ ही थाप आहे, हे साध्या हिशेबाने कळते. २००९ पर्यंत जेएलपीटीच्या चार पातळ्या होत्या. त्या काळी परीक्षा घेणाऱ्यांनीच अंदाज दिला होता : पहिल्या पायरीला सुमारे १५० तास अभ्यास, ८०० शब्द, १०० कांजी म्हणजे चित्रलिपीची अक्षरे. दुसऱ्या पायरीला ३०० तास, १५०० शब्द, ३०० कांजी. त्यावरच्या पायरीला ६०० तास, ६००० शब्द, १००० कांजी. शेवटच्या पायरीला ९०० तास, १० हजार शब्द, २००० कांजी. २०१० पासून पातळ्या पाच झाल्या. पहिल्या दोन पायऱ्यांना आता एन-५ आणि एन-४ म्हणतात, वरच्या दोन म्हणजे एन-२ आणि एन-१, आणि मध्ये एन-३ ही नवी पायरी आली. आता तासांचा हिशेब मांडा. आठवड्यात पाच संध्याकाळी दीड-दीड तास म्हणजे साडेसात तास झाले. १५० तासांना २० आठवडे लागतात आणि ३०० तासांना ४० आठवडे. सण, लग्नसराई आणि कापूस वेचणी धरली तर एन-४ ला एक वर्ष. राबणाऱ्या माणसाला संध्याकाळी तीन महिन्यांत हे होत नाही, आणि एक वर्षात मात्र निश्चित होते. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवा. पहिली लुबाडणुकीपासून वाचवते, दुसरी निराशेपासून.

"पण साहेब, ती भाषा आपल्या पोरांना झेपेल का?" हा प्रश्न आम्हाला आपल्याच लोकांनी विचारला. शेकडो वर्षे ‘तुम्हाला झेपणार नाही’ हे ऐकून ऐकून आपण तेच स्वतःला सांगू लागलो आहोत. सारंगखेड्याच्या परिसरातले पोर घरी अहिराणी, भिलोरी किंवा पावरी बोलते, शाळेत मराठी शिकते, बाजारात हिंदी आणि गुजराती बोलून भाव करते. तीन-चार भाषांत वावरणाऱ्या या पोराला कोणी भाषापंडित म्हणत नाही. शहरातल्या पोराने एक परकी भाषा शिकली की त्याचा सत्कार होतो. झेपण्याचा प्रश्न अकलेचा नाही, संधीचा आहे.

उलट मराठी माणसाला जपानी जवळची वाटावी अशी आहे. ‘मी बसने शाळेत जातो’ हे जपानीत होते : वाताशी वा, बासु दे, गाक्को नि, इकिमासु. आपला ‘ने’ तिथे ‘दे’ झाला, शाळेत मधला ‘त’ तिथे ‘नि’ झाला, आणि क्रियापद दोन्हीकडे शेवटीच आले. प्रत्यय शब्दाच्या मागे लागणे ही आपली विभक्ती. त्यांच्या अक्षरांचा क्रम पाहा : आ, इ, उ, ए, ओ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. बौद्ध भिक्खूंनी धम्मग्रंथांबरोबर चीनमार्गे नेलेल्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून हा क्रम तिकडे रुजला. जपानी शिकणारे पुष्कळ जण क्रियापदाच्या ‘ते’ रूपापाशी अडखळतात आणि वर्ग सोडतात. पण ते रूप म्हणजे आपले ‘ऊन’ : ताबेते म्हणजे खाऊन, नोन्दे म्हणजे पिऊन, इत्ते म्हणजे जाऊन. ‘खाऊन पाहणे’ याला ते म्हणतात ताबेते मिरु, आणि मिरु म्हणजे पाहणेच! जे इंग्रजीतून समजावताना मास्तरची दमछाक होते, ते मराठीतून एका ओळीत कळते.

इथेच खरी मेख आहे. वर्गांतली पुष्कळशी पुस्तके आणि खुलासे इंग्रजीतून असतात. म्हणजे जपानी शिकायला आधी इंग्रजी आले पाहिजे. व्हिसा जी अट घालत नाही, ती अट वर्ग घालतो. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिले नाही, फारशी घ्यावी लागली. पुढे ते संस्कृत शिकले, जर्मन शिकले, पाली शिकले, आणि पालीचा शब्दकोश तयार करण्याचे काम त्यांनी केले. भाषेच्या दारावर पहारा कसा बसतो हे त्यांच्याइतके कोणी सोसले नसेल. आजचा पहारेकरी जात विचारत नाही. ‘इंग्लिश मीडियम का?’ एवढेच विचारतो, आणि परिणाम बराचसा तोच होतो.

तो अडीच लाखांचा कागद आम्ही परत पाठवला आणि पोरांना म्हणालो, विहारात बसू. पुण्यात संध्याकाळच्या वर्गात शिकून एन-२ झालेली, कंपनीत भाषांतराचे काम करणारी आपल्याच समाजातली एक मुलगी आठवड्यातून दोन संध्याकाळी मोबाईलवरून शिकवायला तयार झाली. उरलेल्या दिवशी पोरांनी आपापसात सराव करायचा. सतरंजी विहाराची, फळा शाळेतून मागून आणलेला. पहिल्या दिवशी चौदा जण आले. हिरागानाची ४६ अक्षरे तीन आठवड्यांत पाठ झाली, काताकानाची ४६ त्यापुढच्या तीन आठवड्यांत. मग गळती लागली. कोणाला रात्रपाळीच्या विजेवर कापसाला पाणी द्यायला जावे लागे. कोणी ऊसतोडीला गेला. एका मुलीला ‘अंधार पडल्यावर जायचे नाही’ म्हणून घरच्यांनी थांबवले. दिवाळीपर्यंत सहा उरले. आम्हीही त्या सतरंजीवर बसलो, आणि चाळिशी ओलांडलेल्या आमच्या डोक्यात कांजी शिरायला किती वेळ लागतो हे पोरांनी हसत हसत पाहिले.

जेएलपीटी वर्षातून दोनदा होते, जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. २०२५ साली दत्तजयंती ४ डिसेंबरला आली आणि परीक्षा ७ डिसेंबरला. गावात यात्रा भरलेली, एसटीला पाय ठेवायला जागा नाही, आणि आमची चार पोरे रात्रभराचा प्रवास करून पुण्याला एन-५ द्यायला निघाली. परीक्षेची फी, जाण्यायेण्याचे भाडे, बुडालेली मजुरी. पुण्याच्या पोराला परीक्षा म्हणजे अर्धा दिवस, सारंगखेड्याच्या पोराला तीन दिवस आणि आठवड्याची कमाई. गुणपत्रिकेवर दोघांचे गुण सारख्याच आकड्यांत छापले जातात. पण त्या गुणांची किंमत सारखी नसते.

आम्ही वकील आहोत, म्हणून आमच्या वर्गात काही शब्द पुस्तकाच्या आधी शिकवले. क्यूर्यो म्हणजे पगार. झांग्यो म्हणजे जादा काम. यासुमी म्हणजे सुट्टी. रोसाइ म्हणजे कामावरच्या अपघाताचा विमा. केइयाकु म्हणजे करार. कारण जपान स्वर्ग नाही. तिथल्या प्रशिक्षणार्थी योजनेत जादा काम, थकवलेला पगार, मालकाने दाबून ठेवलेले पासपोर्ट यांच्या तक्रारी इतक्या झाल्या की २०१६ साली कायदा करून पासपोर्ट ठेवून घेण्यावर बंदी घालावी लागली. आणि २०२४ साली ती योजनाच मोडून २०२७ पासून नवी योजना आणण्याचा कायदा झाला. कुशल कामगाराच्या व्हिसावर जाणाऱ्याला तिथल्या माणसाइतका किंवा त्याहून जास्त पगार देणे मालकाला बंधनकारक आहे. पण हा हक्क मागणार कसा? पगाराची चिठ्ठी ज्याला वाचता येत नाही, त्याचा हक्क कायद्याच्या पुस्तकातच राहतो. दलालाने पाठ करून घेतलेल्या पन्नास वाक्यांत ‘माझे जादा कामाचे पैसे द्या’ हे वाक्य कधीच नसते.

इकडचा कायदाही लक्षात ठेवा. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्याला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली केंद्र सरकारकडे नोंदणी करावी लागते. उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काची मर्यादा ३० हजार रुपये अधिक जीएसटी अशी आहे. नोंदणी आहे की नाही हे सरकारच्या ई-मायग्रेट या व्यवस्थेवर कोणालाही पाहता येते. दलाल हुशार असतो. तो वरचे पैसे ‘प्रशिक्षण’, ‘कागदपत्रे’, ‘डिपॉझिट’ अशा नावांखाली घेतो. म्हणून प्रत्येक रकमेची वेगळी पावती मागा. पावती नाही तर पैसा नाही. मूळ शाळेचे दाखले आणि पासपोर्ट कोणाच्याही ताब्यात देऊ नका.

आणखी एक धोका आम्हाला दिसतो. एन-४ झाले, व्हिसा मिळाला, म्हणजे भाषा संपली असे समजू नका. या व्हिसाची पहिली श्रेणी पाच वर्षांची आहे आणि तीत बायकापोरांना सोबत नेता येत नाही. एन-४ वाला म्हाताऱ्याला उचलतो, त्याची चादर बदलतो. एन-२ वाला त्याच म्हाताऱ्याच्या डॉक्टरशी बोलतो, नोंदी लिहितो, नव्या मुलांना शिकवतो. वृद्धसेवेची राष्ट्रीय परीक्षा जपानीतून पास झाली तर मुदत वाढवत राहता येईल असा दर्जा मिळतो आणि कुटुंबही नेता येते. सेवेचे काम हलके नाही, उलट माणुसकीचे आहे. पण आपल्या पोरांनी कायम खालच्याच पायरीवर उभे राहायचे आणि वरच्या पायऱ्या दुसऱ्यांनी चढायच्या, ही उतरंड आम्ही इथे पुष्कळ पाहिली. ती विमानात बसवून जपानला न्यायची नाही. म्हणून वर्ग एन-५ वर सुरू होवो, पण त्याची नजर एन-२ वर हवी.

आणि भाषा काय फक्त पगारासाठी असते? जपानातून आलेले भदन्त सुरई ससाई हिंदी बोलत नागपूरच्या वस्त्यांत मिसळले. कोयासान विद्यापीठात २०१५ साली बाबासाहेबांचा पुतळा उभा राहिला. जपानीतला ‘झेन’ शब्द पालीतल्या ‘झान’पर्यंत, म्हणजे ध्यानापर्यंत पोहोचतो. ‘सेत्सुना’ म्हणजे आपला क्षण. आणि ज्या जपानला आपण केवळ बुद्धाचा देश म्हणून हात जोडतो, तिथेही कातडे कमावणाऱ्या आणि जनावरे सोलणाऱ्या लोकांना जन्मावरून अस्पृश्य ठरवले होते. १८७१ च्या फर्मानाने तो भेद कागदावर संपला, समाजात नाही. म्हणून त्या बुराकु समाजाने ३ मार्च १९२२ रोजी क्योतोत ‘सुइहेइशा’ ही संघटना स्थापून माणूस म्हणून हक्क मागितला. आपला महाडचा संगर त्यानंतर पाच वर्षांनी, १९२७ साली झाला. आपल्या या भाऊबंदांबद्दल आपल्याला इंग्रजीतून गाळून येईल तेवढेच कळते. त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलणारा एक तरी माणूस खान्देशातून निघावा, असे आम्हाला वाटते.

म्हणून शासनाकडे आमची मागणी साधी आहे. समाजकल्याणच्या वसतिगृहांत आणि आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहांत संध्याकाळी ३०० तासांचा जपानी वर्ग मराठीतून चालवा. बार्टी आणि आदिवासी संशोधन संस्था यांनी मराठीतून पाठ्यपुस्तक तयार करावे. नंदुरबार हा आदिवासीबहुल जिल्हा आहे. इथल्या उमेदवाराची परीक्षा फी आणि प्रवासखर्च द्या. मुलींसाठी वर्ग दिवस मावळायच्या आत संपेल अशी वेळ ठेवा. आणि नोंदणीकृत भरती एजंटांची यादी प्रत्येक तहसील कचेरीच्या फलकावर मराठीत लावा. यासाठी नवा कायदा नको, नवे खाते नको. इच्छा हवी.

पण शासनाची वाट पाहत सतरंजी गुंडाळून ठेवायची नाही. पुण्या-मुंबईत संध्याकाळच्या वर्गात शिकून वर गेलेल्या आपल्या भावाबहिणींना आमचे सांगणे आहे : आठवड्यातली एक संध्याकाळ गावाला द्या. विहाराच्या विश्वस्तांना सांगणे आहे : वंदनेनंतर कुलूप लावू नका, दीड तास दिवा चालू ठेवा. आयाबापांना सांगणे आहे : पोत मोडू नका, पोरीला वर्गाला पाठवा, आणि अंधाराची भीती वाटत असेल तर तिच्यासोबत येऊन मागे बसा. चार अक्षरे तुम्हीही शिकाल.

आणि तो वॉर्डबॉय? डिसेंबरात पुण्याला गेलेल्या चौघांत तो होता. आता एन-४ ची तयारी करतो आहे. परवा त्याने आम्हाला एक नवा कागद दाखवला, दुसऱ्याच कोणा एजंटाचा. या वेळी ‘बघून द्या’ म्हणाला नाही. म्हणाला, "वकीलसाहेब, यात झांग्योचं कलमच नाही. सही करत नाही."

जयभीम!